चिठ्ठी पोचली, निरोप पोचला का?

आषाढात बारामती ते इंदापूर हा रस्ता वारकऱ्यांचा असतो. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. वर्षभर याच रस्त्यावर उलट्या दिशेने आणखी एक वाहतूक चालू असते, ती रुग्णवाहिकांची. गळीत हंगामात तर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून वाट काढत त्यांना बारामती गाठावी लागते. आत कुणी साप चावलेला शेतकरी असतो, कुणी झटका आलेली गरोदर बाई, कुणी छातीत कळ येऊन घामाघूम झालेला गृहस्थ.

या प्रत्येक गाडीत रुग्णाच्या उशाशी किंवा नातेवाइकाच्या शर्टाच्या खिशात एक कागद असतो. आम्ही डॉक्टर त्याला ‘रेफरल’ म्हणतो, लोक ‘चिठ्ठी’ म्हणतात. खरे तर ते एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेले पत्र असते. लिहिणारा बहुतेक वेळा पंचविशीतला, नुकताच एमबीबीएस होऊन बंधपत्राच्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेला असतो. वाचणारा त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठा, मोठ्या रुग्णालयातला फिजिशियन. दोघांची कधी भेट झालेली नसते. पण पुढचे काही तास एका माणसाचा जीव त्या दोघांच्या समजुतीवर अवलंबून असतो.

सरकारी नोकरीत अशा हजारो चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर रुग्णाचे नाव, वय आणि एकच वाक्य असते: ‘पुढील उपचारासाठी पाठवीत आहे.’ या वाक्यात चूक काहीच नाही. त्यात माहितीही काहीच नाही. रुग्ण पुढील उपचारासाठी आला आहे हे तो समोर दिसल्यावर कळतेच. मागे काय घडले, ते मात्र फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक असते. ते कागदावर उतरले नाही, तर काय होते हे आज जरा तपशिलात पाहू.

सापाचे विष आणि घड्याळ

आपल्या भागातले नेहमीचे उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याला पहाटे सहा वाजता उसाला पाणी देताना घोणस चावली. तो पावणेसातला जवळच्या आरोग्य केंद्रात पोचला. तिथल्या डॉक्टरने एक साधी पण फार मोलाची तपासणी केली. शिरेतले दोन-तीन मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतले, नळी न हलवता वीस मिनिटे ठेवली आणि मग एकदाच तिरकी केली. रक्त गोठले नव्हते, पाण्यासारखे वाहिले. याचा अर्थ घोणशीच्या विषाने रक्त गोठवणारे घटक संपवले आहेत. ही तपासणी करायला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. नळी मात्र काचेचीच हवी, कारण प्लॅस्टिकमध्ये रक्त गोठण्याची क्रिया नीट सुरू होत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

डॉक्टरने सर्पदंशावरील लसीच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या, त्या सव्वाआठपर्यंत संपल्या. त्यानंतर रुग्णवाहिका निघाली आणि दहा वाजता बारामतीत पोचली.

आता बारामतीच्या डॉक्टरसमोर प्रश्न असा: पुन्हा लस द्यायची की नाही? दहा वाजता रक्त तपासले तर ते बहुधा अजूनही गोठणार नाही. पण त्यावरून लस कमी पडली असे म्हणता येत नाही. लस रक्तातले विष निष्प्रभ करते; संपलेले गोठण घटक ती भरून काढत नाही. ते काम यकृताचे आहे आणि यकृताला त्यासाठी साधारण सहा तास लागतात. म्हणून लस दिल्यानंतर सहा तासांनी तपासणी पुन्हा करायची आणि रक्त तेव्हाही गोठले नाही, तर आणखी लस द्यायची, असे उपचाराचे सूत्र आहे.

या रुग्णाची पुढची तपासणी सव्वादोनला व्हायला हवी. पण हे कळण्यासाठी चिठ्ठीवर ‘लस सव्वाआठला पूर्ण’ एवढे तरी लिहिलेले हवे. ते नसेल तर दोनच वाटा उरतात. एक तर डॉक्टर आल्या-आल्या न गोठणारे रक्त पाहून आणखी दहा कुप्या देईल, ज्यांची कदाचित गरज नसेल. लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, त्यामुळे तिची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, शिवाय साठाही मर्यादित असतो. नाही तर तो रुग्ण पोचल्यापासून सहा तास मोजेल, म्हणजे तपासणी चार वाजता होईल. सव्वादोनला जे कळायला हवे होते ते पावणेदोन तास उशिरा कळेल आणि तेवढा वेळ रक्तस्रावाचा आणि मूत्रपिंडाचा धोका रुग्ण सोसत राहील.

चिठ्ठीतल्या एका ओळीची ही किंमत आहे. सर्पदंशाने देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असा अंदाज २००० ते २०१९ या काळातल्या मृत्यूंच्या अभ्यासातून २०२० मध्ये मांडला गेला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी माणसे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आराखडे दिल्लीत होतात. पण त्याची अंमलबजावणी शेवटी एका आरोग्य केंद्रातल्या टेबलावर, एका काचेच्या नळीने आणि एका कागदाने व्हायची असते.

जे सापाचे, तेच हृदयाचे आणि बाळंतपणाचे

हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले असेल, तर ते कोणते आणि नेमके किती वाजता, हे पुढच्या डॉक्टरला कळायला हवे. त्यावरून अँजिओग्राफी कधी करायची ते ठरते आणि गुठळी विरघळली नसेल तर ताबडतोब करावी लागते. सोबत पहिला ईसीजी पाहिजे. दुसरा ईसीजी मोठ्या रुग्णालयात काढतातच. पण इंजेक्शनने फरक पडला का, हे पहिल्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पक्षाघातात तर सगळा खेळच वेळेचा आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. ही वेळ रुग्ण ‘सापडला’ तेव्हापासून धरत नाहीत. तो शेवटचा ‘धडधाकट दिसला’ तेव्हापासून मोजतात. सकाळी सहाला अंथरुणात हात न हलणारा माणूस रात्री अकराला झोपताना ठीक असेल, तर घड्याळ अकरालाच सुरू झालेले असते. ही गोष्ट फक्त घरच्यांना ठाऊक असते आणि ती विचारून लिहून घेणे पहिल्या डॉक्टरच्या हातात असते.

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. औषध रामबाण आहे, पण दुधारी. पहिला डोस दिल्याचे लिहिले नाही आणि पुढे तोच डोस पुन्हा दिला, तर श्वास मंदावू शकतो. म्हणून किती ग्रॅम, कुठल्या मार्गाने, किती वाजता, हे तिन्ही लिहायचे. शिवाय गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाणही नोंदवायचे, कारण औषध अंगात जास्त झाल्याचे पहिले इशारे तिथेच मिळतात.

डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा असलेल्या इंदापूर तालुक्यात कीटकनाशक पोटात गेल्याच्या घटनाही येतात. तिथे चिठ्ठीइतकीच महत्त्वाची असते ती औषधाची बाटली. ‘फवारणीचे औषध प्यायले’ म्हटल्याने काही कळत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन लागते. तणनाशक असेल तर सगळा विचारच वेगळा. ॲट्रोपिन किती दिले, बाहुल्या किती मोठ्या झाल्या, छातीतली घरघर थांबली का, एवढे लिहिले तरी पुढच्या डॉक्टरला चाचपडावे लागत नाही.

लंडन आणि सिकंदराबाद

वरिष्ठ आणि कनिष्ठ डॉक्टर यांच्यातल्या पत्रांनी काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. मलेरिया डासांमुळे पसरतो हा शोध रोनाल्ड रॉस यांच्या नावावर आहे. पण त्यामागे लंडनमधले ज्येष्ठ डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी चाललेला पत्रव्यवहार होता.

मॅन्सन यांनी चीनमध्ये काम करताना १८७७ मध्ये दाखवले होते की हत्तीरोगाच्या जंतांची वाढ डासाच्या शरीरात होते. मलेरियाचेही तसेच असावे, अशी त्यांची अटकळ होती. अल्मोड्यात जन्मलेले आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये असलेले रॉस १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले, तेव्हा मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा परजीवी दाखवला. फ्रेंच डॉक्टर लाव्हराँ यांनी तो १८८० मध्येच अल्जीरियात पाहिला होता. रॉस यांचा मात्र तोवर त्यावर विश्वास नव्हता. १८९५ मध्ये रॉस भारतात परतले, सिकंदराबादला रुजू झाले आणि मॅन्सन यांना पत्रे लिहू लागले. पुढच्या चार-पाच वर्षांत दोघांमध्ये शंभराहून अधिक पत्रांची देवाणघेवाण झाली. पत्र बोटीने जायचे; उत्तर यायला कित्येक आठवडे लागायचे.

रॉस फक्त यश कळवत नव्हते. आज किती डास कापले, काय दिसले नाही, कोणता डास निरुपयोगी ठरला, कोणत्या कल्पनेने दगा दिला, हे सगळे ते लिहीत. मॅन्सन उत्तरात नवे प्रश्न विचारत, वेगळी दिशा सुचवत, धीर देत. २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना पंखांवर ठिपके असलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीचे रंगकण दिसले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला, तेव्हा त्याला मॅन्सन यांच्या टिपणाची जोड होती. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो हे रॉस यांनी दाखवले. जुलै १८९८ मध्ये ही बातमी एडिंबरोच्या वैद्यकीय परिषदेत जगाला सांगितली ती मॅन्सन यांनी. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल मिळाले.

या पत्रव्यवहारातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मॅन्सन यांची एक समजूत सपशेल चुकीची होती. डास पाण्यात मरतात आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला मलेरिया होतो, असे त्यांना वाटे. रॉस यांनी तसे पाणी माणसांना पाजूनही पाहिले. असा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणारच नाही. त्यातून मलेरिया होत असल्याचे सिद्ध झाले नाही आणि सूक्ष्मदर्शकाने शेवटी दुसरेच उत्तर दिले: डासाच्या चाव्यातून. वरिष्ठाचा प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकीचे होते आणि ते दुरुस्त झाले प्रत्यक्ष जागेवर बसून पाहणाऱ्या कनिष्ठाच्या डोळ्यांनी. पत्र दोन्ही दिशांनी चालत होते, म्हणून हे घडू शकले.

पुढे दोघांचे बिनसले. एका शिफारसपत्रावरून रॉस थेट मॅन्सन यांच्याविरुद्ध कायदेशीर कारवाईपर्यंत गेले. पण तोवर पत्रांनी त्यांचे काम केले होते.

बिरवाडीचा तरुण डॉक्टर

याच गोष्टीचे आपल्या मातीतले रूप म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ मध्ये हा तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणातला लाल विंचू चावल्यावर माणसे, विशेषतः मुले, छातीत पाणी होऊन दगावत. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. घाम, उलटी, थंडगार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब असे जे जे दिसले ते वेळेसह लिहून ठेवले. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आली. १९८६ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये जेमतेम दोन पानांचा मजकूर आला: प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशात जीव वाचवते. या मजकुरात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर सहलेखिका होत्या. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण या उपचाराने एक-दोनवर आले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आज इंदापूरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्या मुलाला प्राझोसिनची गोळी मिळते, ती एका कनिष्ठ डॉक्टरने नीट पाहून, नीट लिहून मोठ्यांना कळवल्यामुळे. मोठ्या रुग्णालयात रुग्ण पोचतो तेव्हा आजाराचा पहिला अंक संपलेला असतो. तो अंक फक्त खेड्यातल्या डॉक्टरने पाहिलेला असतो.

परतीची चिठ्ठी

येथे माझ्या पिढीतल्या डॉक्टरांकडे वळायला हवे. खालून वर येणाऱ्या चिठ्ठीबद्दल आम्ही खूप तक्रार करतो. पण वरून खाली किती चिठ्ठ्या जातात? रुग्ण बरा होऊन घरी गेला, तर त्याला पाठवणाऱ्या डॉक्टरला ते कोण कळवते? बहुतेक वेळा त्याला गावातल्या कुणाकडून तरी, नाही तर कधीच कळत नाही. ज्याला आपल्या निर्णयाचा शेवट कळत नाही, तो अनुभवाने शहाणा कसा होणार?

काही वर्षांपासून तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टर मॅडमशी माझा असा पत्रव्यवहार चालू आहे. सुरुवात त्यांच्याच एका चिठ्ठीने झाली. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या एका मुलीला त्यांनी पाठवले होते. मजकूर आठवणीतून देतो:

‘आदरणीय सर, वय ११. रात्री कोपीत जमिनीवर झोपली होती. पहाटे तीनला पोटात दुखू लागले, साडेचारला पापण्या जड. दंशाची खूण नाही, सूज नाही. रक्त वीस मिनिटांत गोठले. तरीही मला मण्यारची शंका वाटते. ५.२० ला लस सुरू, दहा कुप्या, ६.१५ ला पूर्ण. निओस्टिग्मिन व ॲट्रोपिन ५.३० ला. निघताना एका श्वासात २२ पर्यंत आकडे मोजते आहे. सोबत नर्स व अंबू बॅग दिली आहे.’

या चिठ्ठीत एकही शब्द वाया गेलेला नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटेची पोटदुखी आणि मिटू लागलेल्या पापण्या एवढेच पुरावे असतात. तिचे विष रक्तावर नाही, चेतातंतूंवर काम करते, म्हणून रक्त गोठले तरी निश्चिंत राहता येत नाही. मुलांना लस कमी द्यायची नसते. साप मुलाला कमी विष देत नाही. आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात, ही श्वासाचे स्नायू किती थकले ते पाहण्याची सोपी युक्ती आहे. मुलगी आमच्याकडे पोचली तेव्हा चौदापर्यंतच मोजू शकली. २२ हा आकडा कागदावर होता म्हणून घसरण लगेच लक्षात आली आणि वेळेत व्हेंटिलेटर लावता आला. सहाव्या दिवशी ती चालत घरी गेली.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिले: ‘डॉक्टर, तुमचे निदान बरोबर होते. मुलगी आज घरी गेली. दहा दिवसांनी तुमच्याकडे तपासणीला येईल, तेव्हा पापण्या आणि श्वास पाहा. एक सूचना: पुढच्या वेळी लसीची प्रतिक्रिया आली की नाही, तेही लिहा, “आली नाही” हीदेखील माहिती असते.’

त्यानंतर त्यांचे प्रश्न येत राहिले. एकदा त्यांनी विचारले, ‘सर, लस इथेच सुरू करू की पाठवून देऊ? रिॲक्शन आली तर इथे मी एकटी असते.’ हा प्रश्न शेकडो तरुण डॉक्टरांच्या मनात असतो, पण विचारायची लाज वाटते. विषाची लक्षणे असतील तर लस जिथे आहे तिथेच सुरू करायची, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवायचे, मग पाठवायचे. प्रतिक्रियेवर उपाय हाताशी असतो. वाटेत गेलेला वेळ परत मिळत नाही. हे पुस्तकात असते. पण कुणी अनुभवी माणूस ‘तू करू शकशील’ असे लिहून देतो, तेव्हा हात थरथरत नाहीत.

सवय लावता येते

नीट निरोप देणे हा स्वभावाचा भाग नाही, शिकण्याचा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना पाळी बदलताना ठरावीक क्रमाने माहिती देण्याचे शिक्षण दिले गेले. आजार किती गंभीर, थोडक्यात हकीकत, पुढे करायची कामे, काय बिघडू शकते, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ऐकलेले परत सांगायचे, असा हा क्रम. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी घटली. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. फक्त बोलण्याची शिस्त.

आपल्याकडे साधने वाढली आहेत. २०१४ पासून राज्यात १०८ रुग्णवाहिका धावते. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरने डॉक्टरचा दुरून सल्ला घेण्याला रीतसर जागा दिली आहे. त्यात प्रत्यक्ष रुग्णासमोर असलेल्या डॉक्टरचा निर्णय अखेरचा मानला आहे. मोबाइलवर ईसीजीचा फोटो मिनिटात येतो. पण फोन हा चिठ्ठीला पर्याय नाही. फोनवर बोललेला डॉक्टर ड्युटी संपवून जातो; पुढच्या पाळीतल्या डॉक्टरच्या हातात कागदच राहतो. आणि फोटो पाठवताना रुग्णाचा चेहरा, नाव, आधार कार्ड गटावर जाणार नाही, हे पाहणेही आमचेच काम आहे.

पाठवण्यापूर्वी ‘खाट आहे का’ हे विचारणे हा शिष्टाचार नाही, गरज आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका जखमी माणसाच्या प्रकरणात हे ठामपणे सांगितले. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवले होते. कुठल्या रुग्णालयात जागा आहे हे कळवणारी मध्यवर्ती व्यवस्था उभारा, असे न्यायालयाने तेव्हाच सुचवले होते.

तुम्ही काय कराल?

चिठ्ठी डॉक्टर लिहितो, पण ती वाहून नेतात तुम्ही. म्हणून एवढे करा:

१. निघण्यापूर्वी चिठ्ठी मागून घ्या आणि तिच्यावर तीन वेळा आहेत का पाहा: त्रास कधी सुरू झाला, पहिले औषध कधी दिले, रुग्ण कधी निघाला. नसतील तर नम्रपणे सांगा, ‘डॉक्टर, वेळ लिहून द्या.’

२. दिलेल्या औषधांची नावे आणि डोस लिहून घ्या. रिकाम्या कुप्या किंवा त्यांचा मोबाइलवर फोटो सोबत असू द्या.

३. विषबाधेत बाटली किंवा पाकीट पिशवीत गुंडाळून आणा. साप मारून किंवा पकडून आणू नका; लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाही तर लक्षणांवरून उपचार होतात.

४. जुने कागद, रोजच्या गोळ्यांची पाकिटे, कुठल्या औषधाची ॲलर्जी, मधुमेह-रक्तदाबाची माहिती सोबत ठेवा. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड विसरू नका.

५. आजार सुरू होताना जो माणूस जवळ होता, तोच सोबत या. शहरातून आलेला, इंग्रजी बोलणारा भाचा उपयोगी असतो. पण पहाटे पापण्या मिटताना ज्या आईने पाहिले, ती जास्त उपयोगी असते.

६. घरी जाताना डिस्चार्ज कार्डाची एक प्रत आपल्या गावच्या डॉक्टरला नेऊन द्या. दाखल रुग्णाची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या.

आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. रात्री दोन वाजता, बाहेर नातेवाईक ओरडत असताना सुंदर पत्र लिहा, असे कुणी म्हणणार नाही. पाच ओळी पुरतात: काय झाले, कधी झाले, काय पाहिले, काय दिले, कशाची भीती वाटते. शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, कारण भीती लिहिणे कमीपणाचे वाटते. पण पुढच्या डॉक्टरला सर्वांत उपयोगी पडते ती तीच. ‘दंशाची खूण नाही, तरी मला मण्यारची शंका वाटते’ असे त्या मॅडमनी लिहिले नसते, तर पोटदुखीची एक मुलगी म्हणून ती आमच्या रांगेत बसली असती.